जहाल आणि विखारी

एखाद्या मोठ्या सभेच्या दुसऱ्या दिवशीं तीन वर्तमानपत्रें समोर घेऊन बसावें, म्हणजे एक मौज दृष्टीस पडते. पहिल्या पत्राच्या मथळ्यांत वक्त्यानें प्रतिपक्षावर 'जहाल' टीका केलेली असते. दुसऱ्यांत तीच 'विखारी' झालेली असते. आणि तिसऱ्याच्या संपादकास 'जहरी' हा शब्द अधिक ठसठशीत वाटलेला असतो. भाषण एक, वक्ता एक, शब्द मात्र तीन. हे तीनहि शब्द समानार्थीच आहेत, अशी आतां लिहिणाराची व वाचणाराची समजूत झालेली दिसते. पुस्तकपरीक्षणांतहि हीच स्थिति आहे. परीक्षकानें ग्रंथाचे दोष स्पष्टपणें दाखविले, तर ग्रंथकाराचे स्नेही म्हणतात, "फार विखारी लिहिलें हो!" आणि केवळ द्वेषानें लिहिलेल्या लेखाचें कौतुक मात्र "काय जहाल लेखणी आहे!" अशा शब्दांनीं होतें.

आम्ही शब्दांचें सोंवळें पाळणारे नाहीं. शब्दांचे अर्थ बदलावयाचेच. नदीनें आपलें पात्र कधीं बदलूं नये, असा हट्ट धरण्यांत शहाणपण नाहीं. परंतु दोन शब्दांमधील भेद पुसला जातो, तेव्हां त्या भेदाबरोबर एखादा विवेकहि पुसला जात असतो. येथें पुसला जाणारा विवेक लहानसहान नाहीं. 'जहाल' हा शब्द एखादी वस्तु किती प्रखर आहे तें सांगतो. 'विखारी' हा शब्द त्या प्रखरतेमागें हेतु कोणता आहे तें सांगतो. पहिला शब्द म्हणजे माप, दुसरा म्हणजे आरोप. मापाला आरोप समजलें आणि आरोपाला माप समजलें, म्हणजे टीका, राजकारण आणि रोग्याची शुश्रूषा या तिन्ही ठिकाणीं कसा घोटाळा होतो, तें दाखविण्याचा येथें विचार आहे.

जहाल हा शब्द राजकारणानें प्रसिद्धीस आणला हें खरें. परंतु त्याचें माहेर तेथें नाहीं. तो आपल्या घरांत औषधाच्या फडताळांतून आणि विंचूसापांच्या गोष्टींतून आलेला आहे. विष जहाल असतें, औषध जहाल असतें, तंबाखूहि जहाल असते. "औषध जहाल आहे, उपाशीं पोटीं घेऊं नको," असें सांगणारी घरांतली वडीलधारी बाई औषधाची निंदा करीत नसते; ती त्याचें वजन सांगत असते. याच शब्दाचा सोबती 'जालीम'. त्याचें चरित्र तर फारच मनोरंजक आहे. जुलूम, जुलमी आणि जालीम हीं एकाच अरबी धातूचीं लेंकरें. मूळ भाषेंत जालीम म्हणजे अन्याय करणारा, गांजणारा. हिंदुस्थानी बोलींत तो अर्थ अद्याप शाबूत आहे. मराठींत मात्र हा जुलमी मनुष्य आपली तलवार बाहेर ठेवून वैद्याच्या बटव्यांत येऊन बसला. 'खोकल्यावर जालीम उपाय' असें वाचलें असतां कोणाहि मराठी माणसास जुलूम आठवत नाहीं. उलट आतां खोकला जाणार, असा धीर येतो.

एकच विशेषण विषाला आणि औषधाला लावण्यांत आपल्या भाषेनें चूक केलेली नाहीं. चरकसंहितेंत विषाचे दहा गुण सांगितले आहेत, आणि त्यांत तीक्ष्णपणा हा एक आहे. त्याच संहितेंत असेंहि सांगितलें आहे कीं, तीक्ष्ण विषहि योग्य योजनेनें उत्तम औषध होतें आणि चांगलें औषधहि भलत्या रीतीनें दिल्यास तीक्ष्ण विष होतें. बचनाग हें याचें रोजच्या परिचयांतलें उदाहरण. मुळांतलें तें प्राणघातक विष. पण वैद्य तें शुद्ध करून ज्वरावरच्या मात्रांत अगदीं अल्प प्रमाणांत घालतात. बचनाग कोणाचा द्वेष करीत नाहीं. त्याचा जहालपणा मारावयाला लावावा कीं तारावयाला, हें देणाराच्या हातांत आहे.

विखारी या शब्दाचें तसें नाहीं. विषाचें विख झालें, आणि विखाचा विखार. विखारी औषध असें कोणी म्हणत नाहीं. म्हटलें तर ऐकणारा पेला खालीं ठेवील. विखारी नजर असते, विखारी बोलणें असतें, विखारी हसणेंहि असतें. म्हणजे जेथें मन आहे आणि त्या मनांत दंश करण्याची इच्छा आहे, तेथेंच हा शब्द खरोखर शोभतो. साप डूख धरतो अशी आपल्याकडे समजूत आहे. ती प्राणिशास्त्रास मान्य नसली, तरी 'विखारी' या शब्दाचा अर्थ समजावयास फार उपयोगी आहे. ज्यानें डूख धरला आहे तो विखारी. इंग्रजी भाषेंत 'व्हिरुलंट' हा एकच शब्द रोगाच्या घातकपणाला आणि मनुष्याच्या वैरभावाला सारखाच लागतो. त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील विषवाचक 'व्हिरस' या शब्दांत आहे, आणि तो शब्द व आपला संस्कृत 'विष' हे एकाच आद्य कुळांतले आहेत. जें इंग्रजीनें एका शब्दांत कोंडलें, तें मराठीनें दोन शब्दांत निराळें ठेवलें होतें. वडिलांनीं वांटणी करून दिलेलें घर आपण निष्काळजीपणानें पुन्हां एक करीत आहों.

रोगांच्या शास्त्रानेंहि मराठीच्या या भेदास पुष्टीच दिली आहे. लुई पाश्चर यांनीं १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांना होणाऱ्या कॉलऱ्याचे जंतू तपासले. बरेच दिवस ठेवून शिळे झालेले जंतू टोंचल्यावर कोंबड्या थोड्या आजारी पडल्या आणि बऱ्या झाल्या. पुढें ताजे जहाल जंतू टोंचले, तरी त्या मेल्या नाहींत. जंतूंची जात तीच. फक्त जहालपणा उतरला होता. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाविषयींहि त्यांना असेंच दिसलें. तो रोग सशांतून सशांत नेला असतां अधिक जहाल होई, आणि माकडांतून नेला असतां कुत्र्यांच्या बाबतींत सौम्य होई. ऑस्ट्रेलियांत सशांचा उपद्रव आवरण्यासाठीं १९५० सालीं सशांचा एक घातक विषाणू मुद्दाम पसरविण्यांत आला. आरंभीं रोग जडलेल्या शंभर सशांपैकीं सुमारें नव्याण्णव मरत. पण थोड्याच वर्षांत त्याच विषाणूचे सौम्य वाण अधिक पसरलेले आढळले. ससा लवकर मेला, तर त्याला चावून रोग पुढें नेणाऱ्या डांसांना अवधि मिळत नाहीं. जो आजारी ससा पुष्कळ दिवस जगतो, तोच विषाणूच्या प्रसाराला सोयीचा. यांत वैर कोठेंच नाहीं. जहालपणा ही रोग, रोगी आणि परिस्थिति या तिघांमधली एक चढती-उतरती गोष्ट आहे. ती कोणाच्या स्वभावावरचा शिक्का नव्हे.

आमच्या आज्यापणज्यांना हें शास्त्र ठाऊक नव्हतें. तरी त्यांच्या बोलण्यांत त्याचें सार होतें, असें म्हणावेंसें वाटतें. देवीच्या रोगाचे दोन प्रकार होते. फोड दिसावयाला सारखेच. परंतु थोरल्या प्रकारानें शेंकडा सुमारें तीस माणसें दगावत, आणि धाकट्यानें शेंकडा एकच किंवा त्याहूनहि कमी. १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें, तोंपर्यंत त्यानें घातलेल्या घाल्याला सुमार नाहीं. असा हा जहाल रोग. पण आपल्या लोकांनीं त्याला नांव दिलें तें 'देवी'. रोग्याच्या अंगीं देवी आल्या असें म्हणत आणि त्याच्या उशाशीं कडुलिंबाचा डहाळा ठेवीत. या समजुतीनें टोंचणीच्या कामांत कांहीं ठिकाणीं अडथळा आला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्या शब्दानें एक गोष्ट खचित साधली : रोगाचें भय कितीहि असलें, तरी अंथरुणावर पडलेलें पोर घराचें शत्रु झालें नाहीं.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, तेंहि इतिहासांत नमूद आहे. उपदंशाचा रोग युरोपांत पसरला, तेव्हां एका राष्ट्राच्या लोकांनीं त्याला दुसऱ्या राष्ट्राचें नांव दिलें. आपल्याकडे भावप्रकाशांत तो 'फिरंग रोग' या नांवानें आला. नांव रोगाचें, पण बोट परक्याकडे. हें केवळ जुन्या काळचें अज्ञान समजूं नये. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां सर्वत्र युद्धाची भाषा सुरू झाली. विषाणू हा शत्रु, शहर ही रणभूमि, डॉक्टर हे योद्धे. या भाषेनें कांहीं धीर आला असेल. पण शत्रु डोळ्यांना दिसत नसल्यामुळें तो ज्याच्या अंगांत शिरला तो मनुष्यच शत्रूसारखा दिसूं लागला. बऱ्या होऊन घरीं आलेल्या रोग्यांशीं शेजाऱ्यांनीं व्यवहार तोडले. परिचारिकांना व डॉक्टरांना भाड्याच्या घरांतून निघून जाण्यास सांगण्यांत आलें. पुढें ३१ मे २०२१ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्या विषाणूच्या वाणांना देशांच्या नांवांऐवजीं ग्रीक अक्षरांचीं नांवें दिलीं, तीं याच कारणासाठीं. रोग जहाल होता, ही सत्य गोष्ट. विखार मात्र त्यांत आपण ओतला.

आतां राजकारणाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं राष्ट्रीय सभेंत दोन पक्ष पडले, आणि १९०७ च्या डिसेंबरांत सुरतेस ते उघडपणें फुटले. इंग्रजी पत्रांनीं ज्यांना 'एक्स्ट्रीमिस्ट' म्हणजे टोंकाला गेलेले असें म्हटलें, त्यांना मराठींत 'जहाल' हें नांव पडलें. दुसरे 'मवाळ' झाले. या दोन विशेषणांची जोडी फार अर्थपूर्ण आहे. टोंकाला गेलेला मनुष्य केव्हांहि वाईटच. पण जहाल औषध वाईट असतेंच असें नाहीं. इंग्रजींत जो दोषारोप होता, तो मराठींत येतांना माप झाला, आणि म्हणूनच तो पक्ष तें नांव ताठ मानेनें मिरवूं शकला. स्वतः टिळकांनीं १९०७ च्या जानेवारींत कलकत्त्यास केलेल्या व्याख्यानांत हाच मुद्दा मांडला होता : हीं नांवें काळाच्या प्रवाहाशीं संबद्ध आहेत, आज ज्यांना मवाळ म्हणतात ते एके काळीं जहालच गणले जात, आणि आजचे जहालहि पुढें मवाळ ठरतील. जहालपणा ही सापेक्ष गोष्ट आहे, हें जें पाश्चरांना कोंबड्यांच्या खुराड्यांत दिसलें, तेंच टिळकांना सभामंडपांत दिसलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या जोडींत अन्याय झाला तो मवाळांवर. औषध मवाळ असलें तरी तें औषधच असतें, ही गोष्ट लोक विसरले. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. तें पुढील सालीं फेटाळलें गेलें. परंतु सरकारपुढें आंकडे मांडून असें बिल आणणारा मनुष्य दुबळा होता, असें म्हणणें सत्याला धरून होणार नाहीं. मवाळ हेंहि मापच होतें. त्याची शिवी झाली.

मापाचा आरोप करण्याचें काम सरकारनें तर न्यायासनावरूनच केलें. मुंबईंत १८९६ सालीं आणि पुण्यास १८९७ सालीं प्लेग आला. गाठींच्या त्या तापाहूनहि घरोघर चाललेल्या सोजिरांच्या झडत्या लोकांना असह्य झाल्या. २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्यानंतर 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. कायद्यांतील शब्द होता 'अप्रीति' या अर्थाचा. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीला समजावून दिलें कीं, अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव, आणि द्वेष, वैर, नावड, तिरस्कार हे सर्व त्यांत येतात. नावड आणि वैर एकाच दोरींत ओवलीं गेलीं! टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ सालच्या दुसऱ्या खटल्यांत मराठी न जाणणारे लोक ज्यूरींत बहुसंख्य होते, आणि आपल्या लेखांचीं भाषांतरें मूळ मराठीला सोडून आहेत हें त्यांना पटविण्यांत टिळकांनीं पुष्कळ वेळ खर्च केला. त्याचा उपयोग झाला नाहीं; सहा वर्षें मंडालेस काढावीं लागलीं. जहाल शब्द आणि विखारी शब्द यांतला फरक हा पंडितांच्या करमणुकीचा विषय आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं या सहा वर्षांचा हिशेब करावा.

परंतु परक्या न्यायाधीशास नांवें ठेवून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. कारण आपल्या वाङ्मयाच्या घरांतहि हीच गोष्ट घडलेली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या निबंधमालेनें १८७४ पासून सात-आठ वर्षांत मराठी गद्याला जो ताठ कणा दिला, त्याचें ऋण कोण नाकारील? तरी त्याच मालेंत जोतीराव फुले यांच्या ग्रंथांचा समाचार घेतला आहे, तो आज वाचतांना मन खट्टू होतें. 'गुलामगिरी'चा कर्ता जें दुःख सांगत होता, तें खरें कीं खोटें, या प्रश्नापेक्षां त्याच्या व्याकरणाचा व विद्वत्तेचा उपहास तेथें अधिक आहे. मुद्द्याला हात न लावतां माणसाला दंश करणें, याचेंच नांव विखार. उलट बाजूला जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' ठेवावा. असूड हें नांवच जहाल आहे, आणि आंतले शब्दहि तसेच आहेत. त्यांतले कांहीं एका जातीला उद्देशून इतके तिखट आहेत कीं, ते आज कोणी जसेच्या तसे उचलूं नयेत. पण शेतकऱ्याचें कर्ज, सरकारी सारा, शाळेवांचून राहिलेलीं मुलें, कचेरींत होणारी नागवणूक, या गोष्टी त्यांत जागोजाग मांडल्या आहेत. वाचकाला खोडून काढावयाचें असेल, तर खोडावयाला कांहीं तरी आहे. जहाल लेखनाची ही पहिली खूण होय : त्याला उत्तर देतां येतें.

आगरकरांचें उदाहरण याहून स्पष्ट आहे. १८८८ सालीं 'सुधारक' काढल्यावर त्यांनीं संमतिवय, केशवपन, शिक्षण यांविषयीं जें लिहिलें, त्याहून जहाल लेखन त्या काळच्या पुण्यानें क्वचितच वाचलें असेल. पण रूढीवर इतका तुटून पडणारा हा लेखक रूढीच्या कैद्यांविषयीं, म्हणजे विधवांविषयीं व अज्ञ मुलींविषयीं, सदैव कनवाळू होता. त्याच्या विरोधकांनीं मात्र त्याच्या जिवंतपणींच त्याची प्रेतयात्रा काढली. आगरकर रूढीचा अंत इच्छीत होते. ते लोक आगरकरांचा अंत इच्छीत होते. दोघांच्या वागणुकीला आपण 'जहाल' हा एकच शब्द लावूं लागलों, तर भाषा असून नसल्यासारखी झाली.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक वेळीं लिहिणाराच्या मनांत शिरून हेतु कसा पाहावा? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, विखारी हा शब्द जपून वापरावा. जें कानाला झोंबलें तें विखारी, अशी व्याख्या करूं नये. लेखांतून प्रतिपक्ष्याचें नांव, जात, देह आणि जन्म हीं काढून टाकावीं, आणि मग खालीं कांहीं उरतें कीं काय तें पाहावें. मुद्दा उरला, तर लेख जहाल. कांहींच उरलें नाहीं, तर विखारी. आणि या कसोटीवर आपलें स्वतःचें लेखन अगोदर घासावें. दुसऱ्याचें घासण्याची घाई नाहीं. विशेषतः प्रतिपक्ष्याला 'कीड', 'विषाणू', 'समाजाला जडलेला रोग' असें म्हणण्याचा मोह होईल, तेव्हां क्षणभर लेखणी थांबवावी. मनुष्याला एकदां रोग ठरविलें, म्हणजे त्याच्याशीं वाद करण्याचें कारण उरत नाहीं. त्याचा नायनाटच करावयाचा असतो. रोगाशीं कोणी संवाद करीत नाहीं.

टिळक आणि आगरकर १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस एकत्र होते. पुढें त्यांच्यांत मतभेद झाला, आणि दोघांनींहि एकमेकांवर अत्यंत कठोर लिहिलें. १८९५ सालीं आगरकर वारले, तेव्हां 'केसरी'ंत त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. वीस वर्षांनीं, १९१५ च्या फेब्रुवारींत, गोखले वारल्याचें कळतांच टिळक सिंहगडावरून खालीं आले आणि स्मशानांत जमलेल्या लोकांपुढें त्यांच्याविषयीं बोलले. टिळक दिसतांच कोणी टाळ्या वाजविल्या, तेव्हां ही वेळ टाळ्यांची नसून अश्रूंची आहे, असें त्यांनीं लोकांना बजावलें, आणि गोखल्यांचा कित्ता गिरवा असें सांगितलें. जन्मभर ज्यांच्या राजकारणाला त्यांनीं जहाल विरोध केला, त्यांच्याच चितेजवळ ते उभे होते. त्या दिवशीं त्यांनीं आपला एकहि शब्द मागें घेतला नाहीं, आणि घेण्याचें कारणहि नव्हतें.